सरांच्या कोटाचं अस्तर

बाभुळगावच्या मे महिन्यात काळा लोकरी कोट मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेला माणूस वेडा नसतो, हे पटायला मला एक अख्खा हंगाम लागला. हंगाम म्हणजे कापसाचा. आमच्या धंद्यात वर्ष मोजायची तीच रीत. मी तेव्हा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होतो. तिशी नुकतीच ओलांडलेली, बायको बाळंतपणाला माहेरी अमरावतीला. खोली शोधत फिरत होतो, तर चहावाल्याने सांगितलं, सरांकडे रिकामी आहे, पण कोट घालावा लागते. मला वाटलं, इकडची काही म्हण असेल.

म्हण नव्हती. सर (गाव त्यांना एवढंच म्हणायचं, मीही तेवढंच म्हणतो) शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळक्या अंगाचे, भुवया मात्र एखाद्या जाड माणसाच्या उसन्या आणल्यासारख्या. घरावर पंचशीलाचा ध्वज, दारात कडुलिंब, ओट्यावर दोन लोखंडी खुर्च्या आणि मध्ये स्टुलावर एक लाकडी पेटी. मी खोलीचं विचारलं. ते म्हणाले, "खोलीचं मंग पाहू. आंधी कोट घाला."

मी उजवा हात घातला. सर्रकन गेला, पाण्यातून गेल्यासारखा. डावा घातला तो कोपरापर्यंत जाऊन अडकला. त्या बाहीचं आतलं अस्तर उसवलेलं होतं, आणि हात बाहीत जायच्या ऐवजी अस्तर आणि कापड यांच्या मधल्या खोळीत शिरला होता. मी जोर लावला. टर्र असा आवाज आला.

"लावा, अजून लावा," सर अत्यंत आनंदाने म्हणाले.

लावला. अजून फाटलं. हात ना पुढे जाईना ना मागे येईना, आणि अर्धा कोट घातलेला एक सरकारी कर्मचारी भर उन्हात ओट्यावर गोल फिरू लागला. आतून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी दाराआड हसलं. त्या काकू, सरांच्या पत्नी.

"आता सांगा," सर म्हणाले, "अस्तर फाटलं म्हणून जोर लावा लागला, का जोर लावला म्हणून अस्तर फाटलं?"

मी घामाघूम होऊन म्हणालो, "दोन्ही."

"बसा. खोली तुमची."

मागाहून कळलं की बहुतेक लोक या प्रश्नावर कोटाच्या शिंप्याला शिव्या देतात. 'दोन्ही' म्हणणारा मी त्या वर्षातला पहिलाच होतो, आणि त्या एका शब्दावर माझी जी पत तयार झाली ती मी पुढे कशी खाल्ली, तेच सांगायला बसलो आहे. इतकी वर्षं ही गोष्ट मी फक्त विनोदी भागापर्यंत सांगत आलो. लोक हसले की थांबायचो.

स्टुलावरच्या त्या पेटीत बीपी मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं; सर ओट्यावर गावाचं बीपी मोजत आणि त्याआधी प्रत्येकाला कोट घालायला लावत. सरांचं म्हणणं असं, की गावातली माणसं बीपीला डोक्याची गरमी समजतात. कुणी म्हणतं टेन्शन, कुणी म्हणतं रक्त घट्ट झालं. त्यांच्या मते सगळा खेळ अस्तराचा. रक्तवाहिनीच्या आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. कांद्याच्या पाकळीवरून पापुद्रा निघतो ना, तसं, आणि त्याहून नाजूक. पण कोटाच्या अस्तरासारखं ते मुकाट नसतं. ते जिवंत असतं आणि भिंतीशी सारखं बोलत असतं. एक वायू सोडतं आणि त्या वायूच्या भाषेत सांगतं, "सैल हो बाई, रक्त येऊन राह्यलं." भिंत ऐकते, सैल होते, रक्त निघून जातं. आता या अस्तराला बिडीने चटका दिला, साखरेने चिकटवलं, मिठाने दमवलं, की त्याचं बोलणं कमी होतं. भिंतीला निरोपच मिळत नाही, ती आकसून बसते. आकसली की दाब वाढतो. आणि दाब वाढला की तोच दाब त्या अस्तराला अजून घासतो. "टर्र," असं म्हणून सर थांबत. बाकीचं ज्याच्या त्याच्या हाताने कोटात अनुभवलेलं असे.

हा कोट त्यांच्या लग्नातला. काकूंनी डावी बाही शिवून द्यायची तयारी पहिल्या दिवसापासून दाखवली होती. सर म्हणायचे, हे कापड नाही, उपकरण आहे. काकू म्हणायच्या, "शायेतून रिटायर झाले, उपकरन घरी घेऊन आले. आता मीबी उपकरनच हावो." उजवी बाही मात्र सर तळहातावरच्या फोडासारखी जपत. ती निरोगी माणसाची बाही.

कोट झाला की पाच मिनिटं गप्प बसायचं. ही दुसरी अट, आणि कोटापेक्षा कठीण. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, तोंड बंद करून बसायला पाहिजे, नाहीतर आकडा लबाड येतो, असं त्यांचं मत होतं आणि ते बरोबरच होतं. पण आमच्या भागात पाच मिनिटं गप्प बसलेला माणूस एकतर आजारी तरी असतो नाहीतर रुसलेला तरी. मध्ये कुणी बोललं की सर घड्याळ पुन्हा सुरू करत. त्यांचा एक जुना विद्यार्थी तालुक्याला पुढारी झाला होता. त्याचा मोबाइल दर दोन मिनिटांनी वाजे. तो एका संध्याकाळी ओट्यावर आला, अंधार पडला तरी बसलेलाच. शेवटी सरांनी त्याचा मोबाइल काकूंकडे दिला आणि काकूंनी तो कणगीतल्या ज्वारीत खुपसला. ज्वारीच्या पोटातून कुणाच्या तरी लग्नाच्या बँडची धून वाजत राहिली आणि पुढाऱ्याचा आकडा, सर म्हणाले, प्रत्येक धुनीला चार अंशांनी चढत होता. एकदा शेजारचे दोघं भाऊ बांधावरून भांडत आले, न्याय मागायला. सरांनी दोघांना दोन खुर्च्यांवर बसवून गप्प केलं. पाच मिनिटांनी मोठ्याला झोप लागली होती. धाकटा म्हणाला, सर, याचं आंधी मोजा, याची तब्येत बरोबर नाही वाटून राह्यली. न्याय राहून गेला.

वरचा आकडा, खालचा आकडा, आणि मग सरांचा निकाल: "अस्तर बरं हाये," किंवा "अस्तर बोलणं कमी करून राह्यलं, दवाखान्यात जा." औषध ते कधी देत नसत. दवाखान्यात पाठवत, आणि गोळी सुरू झालेल्या माणसाला रस्त्यात गाठून विचारत, घेतो ना? या प्रश्नाला गावातलं ठरलेलं उत्तर होतं: घेत होतो, बीपी नॉर्मल झालं, मग बंद केली. यावर सरांच्या भुवया उभ्या राहत. म्हणत, "छपरावर कवेलू टाकले, घर गळणं थांबलं, म्हणून कवेलू काढून ठेवले का रे तू?"

माझा पहिला आकडा एकशे अठ्ठेचाळीस. नव्याने बाप होणाऱ्या माणसाला हा आकडा शोभत नाही, सर म्हणाले, आणि माझ्या जेवणातलं लोणचं त्या दिवसापासून बंद झालं. मी त्यांच्याकडेच जेवायचो. मिठावर सरांचा राग जातीवंत होता. काकूंच्या हाताला मात्र मीठ असं होतं की साधं वरणही बोलायला लागे. घरात दोन पातेली शिजत: एक सरांच्या मताचं, एक काकूंच्या. सर आपल्या पातेल्यातलं घेत, भाकरीचा तुकडा मोडत, आणि नजर काकूंच्या ताटाकडे जाई. तिथे तळलेली भरली मिरची असे. दह्यात, मिठात, मेथीत मुरवून उन्हात वाळवलेली, तळली की काळसर फुगलेली. लग्न होऊन आल्यापासून काकू दर उन्हाळ्यात त्या मिरच्या घालत होत्या आणि सरांनी त्या चाळीशीनंतर सोडल्या होत्या. सोडलेल्या माणसाने बघावं तसंच ते त्यांच्याकडे बघत.

इथपर्यंत लोक हसतात. मी इथेच थांबायचो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात बैलबंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जायची, आणि सकाळपासून मी मुठीत कापूस घेऊन दोन बोटांत धागा ओढत उभा. ओलावा, कचरा, कवडी. कवडी म्हणजे बोंडात अडकून पिवळा पडलेला, न सुटलेला कापूस. त्या वर्षी ग्रेड कडक लावायचा होता आणि मालही खरंच वाईट होता. दिवसभर मी एकच काम करायचो: समोरच्याला त्याच्या समजुतीपेक्षा खालचा ग्रेड सांगायचा. खरा सांगायचो, पण खालचा. लोक बोलायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. ते जास्त लागायचं.

आणखी एक गोष्ट. जिनिंगच्या यंत्रांच्या धडधडीत वर्षं काढून माझा डावा कान गेला होता आणि उजवा जाण्याच्या वाटेवर होता. हे मी ऑफिसात सांगितलं नव्हतं, बायकोलाही नव्हतं. लोकांच्या ओठांकडे बघून काम निभायचं.

एका संध्याकाळी सर्वांचं मोजून झाल्यावर सरांनी स्वतः कोट चढवला, आधी उजवी बाही, मग अडकत अडकत डावी, मग उतरवून ठेवला आणि खुर्चीत बसले. म्हणाले, आपलं आपण मोजू नये, पाऱ्याकडे पाहूनच धडधड होते. आजवर शाळेतला शिपाई मोजून द्यायचा, तो आता मुलाकडे वणीला गेला. "तुमी शिका. तुमचा हात ग्रेडरचा हाये, थरथरत नाही."

त्यांनी समजावलं. पट्टा बांधा, फुगवा, मग पारा हळूहळू उतरू द्या. नळ्यांतून टकटक ऐकू यायला लागेल तो वरचा आकडा. टकटक बंद होईल तो खालचा.

मी पाच मिनिटं थांबलो, पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या, पारा उतरू दिला. काही ऐकू आलं नाही. पुन्हा फुगवलं. कडुलिंबावर कावळे बसले होते, त्यांचाही आवाज येईना, मग सरांच्या रक्ताचा कुठून येणार. पारा मध्येच थोडा थरथरल्यासारखा वाटला. त्या क्षणी 'मला ऐकू येत नाही' असं म्हणायला हवं होतं. तीन-चार शब्दांचं काम. पण मी ग्रेडर होतो, हजारो क्विंटल कापूस नुसत्या चिमटीवर ओळखलेला माणूस. मी अंदाज केला.

अंदाज करणाऱ्यालाही कसब लागतं. ओलावा दहा टक्के म्हटलं की शेतकरी हुज्जत घालतो, साडेनऊ म्हटलं की गप्प होतो. गोल आकडा खोटा वाटतो. म्हणून मी म्हणालो, "एकशे सत्तावीस. खाली एक्याऐंशी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग स्वतःच पट्टा सोडला आणि म्हणाले, "वा."

दुसऱ्या आठवड्यात एकशे एकोणतीस. मग एकशे तेवीस, हवा थंड होती म्हणून. मी त्यात रंग भरू लागलो. एकदा एकशे एकतीस सांगितलं, नेहमी चांगलंच आलं तर संशय येईल म्हणून, आणि त्या दिवशी सर इतके हिरमुसले की पुढे मी तीसच्या वर गेलोच नाही. त्या हिरमुसण्याचं कारण नंतर कळलं. सरांनी काकूंशी करार केला होता: एकशे तीसच्या आत आकडा आला तर त्या दिवशी एक तळलेली मिरची.

पहिली मिरची त्यांच्या ताटात पडली तेव्हा मी समोर होतो. त्यांनी ती लगेच खाल्ली नाही. भाकरी, वरण, भात, सगळं संपवलं आणि शेवटी देठ धरून तोंडात घातली, डोळे मिटले. काकू पदराआड हसत होत्या. पुढे एकीच्या दोन झाल्या, दोन मिरच्यांबरोबर पापड आला, पापडामागून लोणचं. दोन पातेल्यांचं एक पातेलं झालं. सर कधी नव्हे ते जेवताना गाणं गुणगुणायचे. आणि मी, खरं सांगतो, खुश होतो. दिवसभर खालचे ग्रेड लावून आल्यावर संध्याकाळी एका माणसाला वरचा ग्रेड द्यायला मिळत होता, आणि तो माणूस माझ्यासमोर मिरची खाऊन डोळे मिटत होता. कान ही सबब होती. पहिल्या दिवसापुरती खरी, पुढच्या दिवसांना नाही.

एकदा काकूंनी मला विहिरीपाशी गाठलं. आसपास कुणी नाही बघून हळू बोलल्या असाव्यात, कारण मला ओठांवरूनच कळलं. "भाऊ, आकडा खरंच चांगला हाये ना? रातच्याले यांचं डोकं दुखते. मी मीठ कमी करू का?"

मी म्हणालो, "काकू, चांगला आहे. उन्हाचं दुखत असेल."

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. कोट सांगायचो, ज्वारीतला मोबाइल सांगायचो.

मग ती सकाळ. मी कामावर जायला निघालो होतो. ओट्यावर शाळेतले दोन नवीन शिक्षक बसले होते, आणि सर त्यांना कोटाचा प्रयोग करून दाखवणार होते. त्यांनी उजवा हात धड बाहीत घालायला घेतला. जाईना. अस्तर शाबूत, बाही गुळगुळीत, आणि हात खांद्याच्या खालीच घुटमळत राहिला. शिक्षकांना वाटलं हाही प्रयोगच आहे. एक जण म्हणाला, सर, ही तर चांगली बाही ना? सर त्या बाहीकडे असे बघत होते की जणू तिने वर्गात पहिल्यांदा चुकीचं उत्तर दिलं. ते काही म्हणाले, पण शब्द मला त्यांच्या ओठांवर वाचता येईना. ओठांची एक बाजू खाली घसरली होती.

यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. काकू जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि वाटभर एकच म्हणत होत्या, "पर आकडा तं चांगला होता." मला सगळं ऐकू येत होतं. कधी कधी कान नको तेव्हा शाबूत असतात.

उपचार वेळेत झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर टेकून बसू लागले. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं जड पण समजण्यासारखं. एक तरुण डॉक्टर तपासायला आला. त्याने स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाला हा दाब काल-परवाचा नाही, बऱ्याच दिवसांचा आहे, डोळ्याच्या पडद्यावरच्या नसासुद्धा सांगतायत. घरी मोजत होता का? काकूंनी माझ्याकडे बोट केलं. मोठ्या विश्वासाने केलं. डॉक्टरने विचारलं, किती यायचं?

मी म्हणालो, "एकशे सत्तावीस. एकोणतीस. तेवीस."

तो म्हणाला, "इलेक्ट्रॉनिक मशीन होती?"

"नाही. पाऱ्याची."

"पाऱ्याची?" तो सहज म्हणाला, आरोप म्हणून नाही, "पण पाऱ्याच्या काठीवर दोन-दोनच्या खुणा असतात. विषम आकडा कसा वाचला तुम्ही?"

एवढे आठवडे ती काठी डोळ्यांसमोर होती, आणि मी एकदाही खुणा मोजल्या नव्हत्या. वाचायचंच नव्हतं तर खुणा कोण बघतो. आणि तेवढ्यात पलंगावरून एक चमत्कारिक आवाज आला. सर हसत होते. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं बघत होतं.

डॉक्टर गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसलो. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. सर म्हणाले, "मले मालूम होतं. पयल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत सर?"

"आकडा चांगला होता ना, ग्रेडर."

मी मान खाली घातली. त्यांनी डाव्या हाताने माझ्या मनगटावर थापटलं, नाडी बघतात तसं. रोज सकाळी ते पंचशील म्हणायचे, त्याची आठवण त्यांनीच काढली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणाले, "रोज म्हनतानी वाटे, चौथं तुमचं तुटून राह्यलं. तुमचं कुठलं, मायंच तुटत होतं. मी गावाले कोट घालत फिरलो अन् मले पाह्यजे होती मिरची."

तेवढ्यात काकू आल्या. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, माझ्यादेखत, तुटक तुटक, आणि सगळा दोष स्वतःकडे घेऊन. मी मध्ये बोललो की माझा कान गेलेला आहे, की मी आधी सांगायला हवं होतं. काकूंनी पाण्याचा ग्लास सरांच्या तोंडाला लावला, हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदराने पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी इहिरीपाशी इचारलं होतं."

बस. एवढंच. शिव्या देणारी माणसं मी रोज बघत होतो, त्यांचं काही वाटेनासं झालं होतं.

घरी आल्यावर काकूंनी पहिलं काम केलं ते त्या नळ्या माझ्याकडून मागून घेतल्या. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईने दोन दिवसांत टकटक ओळखायला शिकून घेतलं. त्यांच्या तोंडून आकडा असा खरा यायचा की त्याच्या आसपास मिरची तर सोडा, मिठाचा खडाही फिरकत नसे. सर गोळ्या घेऊ लागले, रोज, आकडा चांगला आला तरी. पुढे पुष्कळ वर्षं जगले. ओट्यावरचा कारभार चालू राहिला, फक्त आता कोटाच्या जागी ते स्वतः उपकरण झाले होते. आलेल्या माणसाला आधी वाकडं तोंड दाखवायचे, मग लुळा हात उचलून सोडून द्यायचे आणि म्हणायचे, टर्र. लोक हसायचे आणि दवाखान्यात जायचे. मला त्यांनी कधी वाईट वागवलं नाही. बदली होऊन निघालो तेव्हा म्हणाले, "कान दाखवून घ्या, ग्रेडर. आन् घरी सांगून टाका." मी कान दाखवला. घरी सांगितलं, तेही अर्धं.

सर गेले तेव्हा मी जाऊ शकलो नाही. जाऊ शकलो असतो.

यंदा गेलो. एका लग्नाच्या निमित्ताने यवतमाळला आलो होतो, पाय बाभुळगावकडे वळले. काकू ऐंशीच्या पुढे, पण ताठ. कडुलिंब तोच, ओटा तोच, लोखंडी खुर्च्यांची जागा प्लास्टिकच्या खुर्च्यांनी घेतली आहे. मला बघून त्या म्हणाल्या, "कान लावला का भाऊ?" मी कानातलं यंत्र दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि आतून कोट आणला. डावी बाही अजून फाटकी. मी घातला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस पुन्हा ओट्यावर गोल फिरला, आणि काकू पुन्हा हसल्या. या वेळी दाराआड नाही.

मग त्यांनी हातात मावेल असं एक पांढरं यंत्र काढलं. नातवाने नागपूरहून आणलेलं. म्हणाल्या, गप बसा पाच मिनिटं. मी बसलो. त्या पाच मिनिटांत काय काय आठवलं ते सांगत नाही. मुख्य आठवलं ते हे, की तीन वर्षांपूर्वी डॉक्टरने मला गोळी सुरू केली होती, आकडा नॉर्मल आल्यावर मी ती बंद केली आहे, आणि बायकोने विचारलं की मी सांगतो, एकशे सव्वीस, एकशे चोवीस. हल्ली मी सम आकडा सांगतो. सरांकडून एवढंच शिकलो.

यंत्राने हात आवळला, सोडला, आणि टुंक असं वाजलं. काकूंनी ते डोळ्यांजवळ धरलं.

"एकशे सत्तावन," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इषम हाये."

"विषम आहे."

"खरा हाये का?"

विहिरीपाशी विचारला होता तोच प्रश्न, या वेळी मला ऐकूही आला. मी म्हणालो, "खरा आहे काकू. गोळी बंद केली मी. घरी माहीत नाही."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन हाये ना खिशात? लावा." मी लावला. बायकोने विचारलं, पोचलात का, काकू कशा आहेत. मी म्हणालो, बऱ्या आहेत, त्यांनी माझं बीपी मोजलं, एकशे सत्तावन्न आलं. पलीकडून ती म्हणाली, "गोळ्या आहेत का जवळ?" मी म्हणालो, नाहीत, आज घेतो. ती म्हणाली, "हा पहिला आकडा आहे तुमचा, जो मला पटला."

काकू तोवर आत गेल्या होत्या. तेलाचा चर्र आवाज आला, आणि मुरवलेल्या मिरचीचा तो वास ओट्यापर्यंत आला. त्यांनी दोन ताटं आणून ठेवली. भाकरी, वरण, वांग्याची भाजी.

त्यांच्या ताटात दोन मिरच्या होत्या. माझ्या ताटात नव्हती.